शेजारच्या बाकावर कोण?

"ती पत्रं पाठवणारे तुम्हीच का?"

हे वाक्य मी गेल्या वर्षी शिफोल विमानतळाजवळच्या एका प्रशिक्षणवर्गात ऐकलं. बोलणारे गृहस्थ भारताच्या विमान वाहतूक खात्यातले, आणि ज्यांना विचारलं त्या बाई नेपाळच्या. चहाच्या सुट्टीत गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचून साहेबांची ट्यूब पेटली. पाच वर्षं हे दोघं एकमेकांना 'आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की' छापाची पत्रं पाठवत होते. उत्तर यायला दोन-तीन महिने लागायचे, कारण कागद दोन खाती, दोन परराष्ट्र मंत्रालयं आणि मधली वकिलात असा मुक्काम करत यायचा. बाई हसून म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्ही फार खडूस असाल." साहेबही हसले आणि म्हणाले, "पत्रात आहेच मी खडूस."

दिल्लीहून काठमांडूला विमानाने जेमतेम पावणेदोन तास लागतात. ही दोन माणसं भेटली ती मात्र समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या एका डच गावात, युरोपच्या करदात्याच्या पैशाने.

मी इथे नेदरलँड्समध्ये सोळा वर्षं आहे. विमानं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांची कायद्याची कामं करते. त्या वर्गात मला दोन तासांपुरतं बोलावलं होतं. समोर दक्षिण आशियातल्या पाच देशांचे अठरा अधिकारी होते. आयोजकांनी एक गोष्ट मुद्दाम केली होती: एका देशाची माणसं शेजारी शेजारी बसवली नव्हती. पहिल्या दिवशी सगळ्यांना ते अवघडच गेलं असणार. मी गेले तो चौथा दिवस होता, आणि तोवर वर्गात शाळेसारखी कुजबुज सुरू झालेली होती.

हे सगळं मी कौतुकाने घरच्या ग्रुपवर लिहिलं. दहा मिनिटांत माझ्या मावसभावाचा मेसेज आला. तो वर्तमानपत्र रोज शेवटच्या पानापर्यंत वाचतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालताना जरा जपूनच राहावं लागतं. "ताई, आपण जगातली तिसरी मोठी देशांतर्गत बाजारपेठ. शेजाऱ्यांसोबत बसून आपण काय शिकायचं? नेपाळच्या विमान कंपन्यांना तर तुमच्या युरोपातच बंदी आहे."

बंदीचं त्याचं म्हणणं खरं आहे. युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ मध्ये नेपाळच्या सगळ्याच कंपन्यांना आपल्या आकाशात मज्जाव केला. पण त्याच्याच पुढच्या महिन्यात, जानेवारी २०१४ मध्ये, अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने भारतालाही खालच्या श्रेणीत ढकललं होतं, हे तो विसरला. विमानांमध्ये खोट नव्हती, खोट सरकारी देखरेखीत होती: तपासणी करणारी माणसं पुरेशी नव्हती आणि त्यांच्या प्रशिक्षणाचा पत्ता नव्हता. माणसं भरली, शिकवली आणि एप्रिल २०१५ मध्ये आपण पुन्हा वर आलो. पुढे २०२२ च्या आंतरराष्ट्रीय तपासणीत भारताला ८५.६५ टक्के गुण मिळाले आणि आपला क्रमांक १०२ वरून ४८ वर आला. धावपट्ट्या काही त्या वर्षांत बदलल्या नव्हत्या. बदल झाला होता तो खुर्चीत बसणाऱ्या माणसाला काय येतं यात.

लांबून घरच्या चर्चा ऐकताना मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. आपण विमानतळ मोजतो. २०१४ मध्ये ७४ होते, दहा वर्षांत १५७ झाले. विमानांच्या ऑर्डरी मोजतो. २०२३ च्या एका वर्षात दोन कंपन्यांनी मिळून जवळपास हजार विमानं मागवली. ही मोजदाद चुकीची नाही, अभिमानही रास्त आहे. पण ज्या नियामक कार्यालयाने या सगळ्यावर लक्ष ठेवायचं, तिथली निम्म्याच्या आसपास पदं रिकामी असल्याचं संसदेच्याच समितीने सांगितलं, तेव्हा त्या बातमीचं आयुष्य एका दिवसाचं होतं. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम आला, १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. नव्वद वर्षांनी कायदा बदलला, तर चर्चेत गाजलं काय? कायद्याचं नाव हिंदीत का. प्रश्न अगदीच गैरलागू आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांची भाषा हिंदी नाही त्यांना तो टोचणारच, मलाही थोडा टोचतो. पण नावावर जितका वेळ गेला त्याच्या चौथाई वेळ, हा कायदा राबवणाऱ्यांना तो कोण शिकवणार, या प्रश्नावर गेला असता तर बरं झालं असतं.

माझ्या त्या दोन तासांत काय झालं ते सांगते, म्हणजे 'कायद्याचं प्रशिक्षण' या रुक्ष शब्दांत नेमकं काय असतं ते कळेल.

विषय होता केपटाउन करार. २००१ चा हा करार साध्या भाषेत असा: विमान ही कोट्यवधींची, आज या देशात तर उद्या त्या देशात असणारी वस्तू. कंपनीने भाडं थकवलं तर मालकाला ते परत नेता आलं पाहिजे, नाहीतर भाड्याने देणार कोण? त्यासाठी विमान घेतानाच कंपनी एक अपरिवर्तनीय अधिकारपत्र सही करून देते. मालकाने ते दाखवलं की देशाच्या नियामकाने विमानाची नोंदणी रद्द करायची. भारताच्या नियमांत त्यासाठी पाच कामकाजाचे दिवस दिलेले आहेत. भारत या करारात २००८ मध्येच सामील झाला.

मग मे २०२३ मध्ये गो फर्स्ट या भारतीय विमान कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मालकांनी अधिकारपत्रं पुढे केली. पण दिवाळखोरी संहितेचं कलम १४ म्हणतं की अर्ज दाखल करून घेतला की कंपनीकडच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. विमानं जागच्या जागी उभी राहिली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि ५४ विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश आला तो एप्रिल २०२४ अखेर. जवळजवळ एक वर्ष गेलं. करार देशाच्या कायद्यात पक्का बसवणारा अधिनियम संसदेने केला तो एप्रिल २०२५ मध्ये, करारात सामील झाल्यावर सतरा वर्षांनी.

हे मी फळ्यावर तारखांसकट मांडत होते. तेव्हा मागच्या बाकावरून एक भारतीय अधिकारी, वयाने तिशीतला, शांतपणे म्हणाला, "मॅडम, दोन्ही कायदे माझ्याच सरकारचे. टेबलावर फाइल माझ्याच. मी कोणत्या कायद्याची अवज्ञा करायची ते मला कुणी सांगायचं?"

वर्ग हसला, पण मला हसू आलं नाही. इथे बसून आम्ही भारतीय 'नोकरशाही'ला नावं ठेवतो, भाडेकंपन्यांच्या बैठकांत तर चवीने. पण त्या मुलाला केपटाउन करार म्हणजे काय हे फाइल येईपर्यंत कुणी शिकवलेलंच नव्हतं. विमानं अडली तेव्हा भाडं वाढलं, पुढच्या करारांत 'भारत जोखीम' म्हणून जास्तीचा आकडा धरला गेला, आणि तो शेवटी तिकिटातच येतो. कायद्याच्या अज्ञानाची किंमत रुपयांत मोजता येते, ती अशी.

त्याच्या प्रश्नावर उत्तर दिलं ते माझ्या आधी बांगलादेशच्या एका अधिकाऱ्याने. त्यांच्याकडे अशी वेळ आली तर कुणाला विचारायचं ठरवलं आहे, ते त्याने सांगितलं. मग श्रीलंकेच्या बाई बोलल्या. पुढची चाळीस मिनिटं मी नुसती ऐकत होते. माझं व्याख्यान अर्धवट राहिलं आणि त्याचं मला काही वाईट वाटलं नाही.

माझ्या मावसभावाला मी सांगू पाहत होते ते हेच. शेजारी आपल्याला शिकवायला बसलेले नसतात, ते आपल्यासोबत अडलेले असतात. सारख्याच इंग्रजी अमदानीतून आलेले कायदे, सारखीच फाइल पद्धत, सारखाच 'वरून आदेश येऊ द्या' हा मंत्र. डच प्राध्यापकाला त्यातलं अर्धं समजावूनच सांगावं लागतं. काठमांडूच्या माणसाला नुसतं 'फाइल वर गेली आहे' म्हटलं की पुरतं.

त्याच आठवड्यातलं दुसरं सत्र मी मागे बसून पाहिलं. १२ मार्च २०१८ ला ढाक्याहून निघालेलं बांगलादेशी कंपनीचं विमान काठमांडूला उतरताना कोसळलं. ७१ पैकी ५१ जण गेले. त्यात सिल्हेटला वैद्यकीय शिकणारे, परीक्षा देऊन घरी निघालेले नेपाळी विद्यार्थी होते. उतरण्याच्या आधीच्या मिनिटांत मनोरा आणि विमान यांच्यात धावपट्टीचं कोणतं टोक, ०२ की २०, याचाच घोळ चालला होता. नियंत्रक एका देशाचा, वैमानिक दुसऱ्या. अंतिम अहवालाने मुख्य कारण वैमानिकाला दिशेचं भान न राहणं हे दिलं.

शिकवणाऱ्याने प्रश्न टाकला: मृतांच्या कुटुंबांना भरपाई कोणत्या कराराने? बहुतेकांनी उत्तर दिलं, मॉन्ट्रियल, १९९९. ते चुकलं. त्या दिवशी नेपाळ मॉन्ट्रियल करारात नव्हता, बांगलादेशही नव्हता. लागू होत होता १९२९ चा वॉर्सा करार आणि त्याच्या जुन्या, तुटपुंज्या मर्यादा. नेपाळ त्याच वर्षाच्या अखेरीस सामील झाला, बांगलादेशने कायदा केला २०२० मध्ये. भारत २००९ पासून होता. म्हणजे त्याच आठवड्यात दिल्ली-लंडन प्रवासात एखाद्याचा जीव गेला असता तर त्याच्या घरच्यांचा हक्क एक, आणि ढाका-काठमांडू प्रवासात गेला तर वेगळा, कितीतरी कमी. वर्गात ढाका आणि काठमांडू दोन्हीकडचे अधिकारी होते. बराच वेळ कुणी बोललं नाही. नंतर नेपाळच्या त्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे कागद तयार होते. कुणाला घाई नव्हती, एवढंच."

अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या अपघातानंतर आपल्याकडेही हा विषय काही दिवस निघाला. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ लोक गेले. प्रवाशांत १६९ भारतीय, ५३ ब्रिटिश, सात पोर्तुगीज, एक कॅनेडियन. टीव्हीवर रात्रंदिवस चर्चा होती ती वैमानिकांचा दोष किती याची, तीही महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालातल्या एका वाक्यावरून. अपघाताच्या तपासाचे आंतरराष्ट्रीय नियम ज्या परिशिष्टात आहेत, ते १३ वं परिशिष्ट, स्पष्ट म्हणतं की तपासाचा हेतू दोष ठरवणं हा नाहीच, पुढचा अपघात टाळणं हा आहे. हे कुठल्या सूत्रसंचालकाच्या गावीही नव्हतं. आणि विमान त्याच दिवशी दिल्लीहून अहमदाबादला आलं होतं. त्या आधीच्या टप्प्यात काही झालं असतं तर शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांना, एक दिल्ली-अहमदाबादचा आणि एक थेट लंडनपर्यंतच्या तिकिटाचा, वेगवेगळा कायदा लागला असता. जमिनीवर गेलेल्यांना तर मॉन्ट्रियल करार लागूच होत नाही. असल्या गोष्टी जिल्हा प्रशासनातल्या, विमा कार्यालयातल्या, पोलिसांतल्या माणसाला ठाऊक हव्यात. शोकाच्या दिवसांत कुटुंबांपुढे कुणी कसला कागद सहीला ठेवला तर तो काय आहे, हे सांगणारा एक तरी सरकारी माणूस शेजारी असावा की नाही?

आता थोडं इतिहासाकडे वळते, कारण या देशात राहून दोन जागा माझ्या मनात सारख्या शेजारी येतात.

पहिली जागा हेगचा पीस पॅलेस, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाची इमारत. ३० जानेवारी १९७१ ला इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' हे विमान पळवून लाहोरला नेलं आणि तिथे जाळलं. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या हद्दीवरून उडायला बंदी केली. पूर्व आणि पश्चिम पाकिस्तान यांच्यातली विमानं श्रीलंकेला वळसा घालून जाऊ लागली. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेत गेला. भारत म्हणाला, परिषदेला हा वाद ऐकण्याचा अधिकारच नाही. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात आलं आणि १८ ऑगस्ट १९७२ ला भारताचं अपील १४ विरुद्ध २ मतांनी फेटाळलं गेलं. हवाई कायद्याच्या कुठल्याही वर्गात हा निकाल आजही शिकवतात. कतारवर शेजाऱ्यांनी आकाश बंद केलं त्या वादात २०२० मध्ये न्यायालयाने त्याचा आधार घेतला.

दुसरी जागा त्याच देशाच्या दक्षिण टोकाला, मास्ट्रिख्ट. त्याच १९७२ साली तिथे युरोकंट्रोल या युरोपीय देशांच्या सामाईक हवाई नियंत्रण संस्थेचं केंद्र सुरू झालं. टप्प्याटप्प्याने बेल्जियम, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स आणि वायव्य जर्मनी यांचं साडेचोवीस हजार फुटांच्या वरचं आकाश या एका केंद्राकडे आलं. वेगवेगळ्या देशांतून आलेले नियंत्रक एकाच पद्धतीने तयार होतात आणि एकाच दालनात बसतात. खाली तीस वर्षांपूर्वी एकमेकांची शहरं बेचिराख केलेले देश होते, हे विसरू नये.

एकाच वर्षी, एकाच देशात, गाडीने अडीच तासांच्या अंतरावर हे दोन्ही घडत होतं. एका ठिकाणी आम्ही आकाश कुणाचं यावर वकील लावून भांडत होतो, दुसऱ्या ठिकाणी ते एकत्र सांभाळायचं कसं याचे धडे चालले होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारत-पाकिस्तानने पुन्हा एकमेकांच्या विमान कंपन्यांना आकाश बंद केलं, आणि महिन्यामहिन्याने मुदत वाढत गेली. सुरक्षेची कारणं खरी आहेत. पहलगामनंतर लगेच कुणी गळाभेटी घ्याव्यात असं म्हणायला मी काही इथल्या हवेत इतकी विरघळलेली नाही. पण पाकिस्तान आहे म्हणून ढाका, काठमांडू, थिंफू, कोलंबो यांच्याशीही काही करायचं नाही, हे कुठलं गणित?

खरं तर हे गणित आपण सोडवायला घेतलं होतं. काठमांडूच्या २०१४ च्या सार्क परिषदेत वाहनांच्या मुक्त ये-जा कराराला पाकिस्तान आडवा आला, तेव्हा बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ या चौघांनी १५ जून २०१५ ला थिंफूमध्ये वेगळा मोटार वाहन करार केला. फोटो छान आले. पुढच्या वर्षी भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो नामंजूर केला. त्यांची भीती साधी होती: बाहेरच्या ट्रकांनी आमचे डोंगर आणि आमचे ड्रायव्हर दोन्ही चिरडले जातील. उरलेल्या तिघांनी २०२२ मध्ये आपापसात पुढे जायचं ठरवलं. आज बांगलादेशच्या सीमेवर पेट्रापोलला जाऊन पाहा. भारतीय ट्रक रांगेत ताटकळून पलीकडे बेनापोलच्या यार्डात जातो, माल उतरवतो, रिकामा परत येतो, आणि पुढे बांगलादेशी ट्रक तोच माल भरून निघतो.

रस्ता नाही म्हणून असं होत नाही. पलीकडच्या परवान्याचा, विम्याचा, वजनाच्या पावतीचा कागद अलीकडच्या इन्स्पेक्टरला वाचता येत नाही आणि वाचला तरी त्यावर विश्वास नाही, म्हणून होतं. इथे एकदा ब्रेडाजवळ, बेल्जियमच्या सीमेवर हाझेलडोंकच्या थांब्यावर आम्ही थांबलो होतो. एका पोलिश ट्रकची तपासणी चालली होती. दोन वेगवेगळ्या गणवेशांतले दोन निरीक्षक, एक डच, एक बेल्जियन, एकाच लॅपटॉपवर वाकून ड्रायव्हर किती तास झोपला याची नोंद वाचत होते. बेनेलक्स देश (बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग) आणि फ्रान्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या एका गटातून ही पद्धत पसरली: तपासणी एकत्र, आणि निरीक्षकांना एकमेकांच्या देशात पाठवून शिकवणंही एकत्र. ड्रायव्हर वैतागलेला होता, ते सार्वत्रिकच. पण सीमा ओलांडल्यावर हीच तपासणी त्याला पहिल्यापासून सोसावी लागणार नव्हती.

मावसभावाचं पुढचं अस्त्र मला माहीत होतं: "तुमच्या युरोपात सगळं आलबेल आहे का?" नाही रे बाबा. 'एकच युरोपीय आकाश' ही घोषणा २००४ ची, ते आकाश अजून तुकड्यातुकड्यांतच आहे. त्यातली सुधारणा २०१३ मध्ये मांडली आणि मंजूर व्हायला २०२४ उजाडलं, कारण मधली कित्येक वर्षं स्पेन आणि ब्रिटन जिब्राल्टरच्या एका धावपट्टीवरून अडून बसले होते. फ्रान्सचे नियंत्रक संपावर गेले की जे विमान फ्रान्समध्ये उतरणारही नाही तेही रद्द होतं. ब्रिटनने तर संघ सोडताना सामाईक सुरक्षा संस्थाही सोडली. राष्ट्राभिमान इथेही विमानापेक्षा जड आहे. फरक इतकाच की मंत्री भांडत असताना खालची माणसं एकमेकांचे फोन उचलतात, कारण ती एकाच वर्गात शिकलेली असतात.

मग भारतात वर्ग नाहीत का? चिक्कार आहेत. प्रयागराजचं नागरी उड्डाण प्रशिक्षण महाविद्यालय १९४८ पासून नियंत्रक घडवतं आहे. दिल्लीची इंडियन एव्हिएशन अकॅडमी आहे, फुरसतगंजला विमानविद्येचं स्वतंत्र केंद्रीय विद्यापीठ आहे, वडोदऱ्याला वाहतुकीसाठी गतिशक्ती विद्यापीठ आहे, हैदराबादच्या नालसारमध्ये हवाई कायद्याचे अभ्यासक्रम चालतात. १९६४ पासून आयटेक योजनेखाली आपण दीडशेहून अधिक देशांच्या लोकांना आपल्या खर्चाने शिकवतो. याचं मोल मी कमी लेखत नाही. आफ्रिकेतले कितीतरी अधिकारी मला भेटतात ते भारतात शिकलेले.

पण आयटेकच्या वर्गात बाकावर पाहुणे असतात आणि भारतीय फळ्यापाशी. भारतीय अधिकारी शेजारच्या बाकावर, वही उघडून, ढाक्याच्या माणसाच्या बाजूला बसलेला दिसत नाही. आपल्याला दाता व्हायची सवय आहे, सहाध्यायी व्हायची नाही. भूतान २०१६ मध्ये का बिथरला हे आपल्याला करार फिसकटल्यावर कळलं. थिंफूच्या परिवहन खात्यातला एखादा माणूस आपल्या इन्स्पेक्टरसोबत तीन आठवडे एका वर्गात असता तर सहीच्या आधीच कळलं असतं.

सिंगापूरकडे पाहा. त्यांची विमान अकादमी १९५८ ची. आज जवळपास सगळ्या जगाचे अधिकारी तिथे शिकून जातात, अनेकदा सिंगापूर सरकारच्या पैशाने. हा दानधर्म नव्हे. ज्या देशाला स्वतःचं देशांतर्गत उड्डाणच नाही त्याचं पोट शेजाऱ्यांच्या आकाशावर आहे, आणि शेजाऱ्यांचे नियम सिंगापूरच्या माणसाला पाठ असणं ही त्याची गरज आहे. २००९-१० मध्ये आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेने विमानसेवांचे सामाईक करार केले तेव्हा मसुदे लिहिणारे बरेच जण आधीपासून एकमेकांना ओळखत असणार. हा माझा अंदाज, पण पैज लावायला मी तयार आहे.

आपल्याकडे सार्क थिजलेलं आहे, २०१४ नंतर शिखर परिषदच झालेली नाही. बंगालच्या उपसागराच्या परिसरातल्या देशांचा बिमस्टेक हा गट आहे: सात देश, सचिवालय ढाक्यात, २०२२ चा वाहतूक जोडणीचा आराखडा, एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकला सागरी वाहतुकीचा करार. सप्टेंबर २०२४ मध्ये आशिया-पॅसिफिकच्या विमान वाहतूक मंत्र्यांची परिषद दिल्लीत झाली आणि दिल्ली जाहीरनामा निघाला. एवढ्या जाहीरनाम्यांच्या शेजारी सहा आठवड्यांचा एक साधा वर्ग बसवायला काय हरकत आहे? हवाई, रस्ता, बंदर, तिन्हीचा कायदा एकत्र शिकवावा. शिकवणारे सातही देशांतले असावेत. वर्ग एकदा प्रयागराजला, एकदा ढाक्याला, एकदा बँकॉकला भरावा. परीक्षा सगळ्यांना, भारतीयांनाही. आणि एक अट मात्र हवी: वर्ग करून गेलेल्या माणसाची तीन वर्षं त्या टेबलावरून बदली नको.

ही अट मी उगाच घालत नाही. या जानेवारीत नेपाळच्या त्या बाईंचा मला मेसेज आला. शिफोलहून परतल्यावर सात-आठ महिने त्यांचं आणि दिल्लीच्या साहेबांचं काम फोनवर होत होतं. पत्रं जायचीच, पण आधी फोन, मग पत्र, आणि तीन महिन्यांचं काम दहा दिवसांत. मग एके दिवशी फोन दुसऱ्याच कुणी उचलला. साहेबांची बदली झाली होती, मालमत्ता विभागात. नव्या माणसाने नम्रपणे सांगितलं, "मॅडम, आपण रीतसर पत्र पाठवा."

बाईंनी मला विचारलं होतं, पुढचा वर्ग कधी आहे, आणि त्या नव्या माणसाला तिथे पाठवता येईल का. मी आयोजकांना विचारलं. त्यांचं उत्तर आलं की या टप्प्याचा निधी संपला आहे.